उन्हात घातलेली गाडी

माझ्या हाताला एक खोड आहे. डाग दिसला की हात आपोआप घासायला जातो. मग तो ओटा असो, आरसा असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत समोर आलेलं ताट असो. आमचे हे म्हणतात, "तू देवळात गेलीस तरी आधी समई पुसशील आणि मग नमस्कार करशील." खोटं नाही ते. आणि अशा बाईच्या वाट्याला पन्नाशीत असं काम आलं, की ज्याचा पहिला नियमच आहे, घासायचं नाही.

बिबवेवाडीत आमचं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं छोटं वर्कशॉप आहे. ह्यांनी ते सुरू केलं तेव्हा नुसतं सर्व्हिसिंग होतं. हे इंजिनात डोकं घालून आणि मी टेबलामागे, अशी वाटणी ठरली होती. पण टेबलामागे बसणं हा मला शिक्षेचा प्रकार वाटतो. पहिल्याच महिन्यात मी उठले, फडकं घेतलं आणि एका गिऱ्हाइकाची जुनी गाडी अशी काही लखलखीत केली, की तो माणूस रांगेतल्या दुसऱ्याच गाडीचं दार उघडायला गेला. तेव्हापासून पॉलिश माझ्याकडे. "वहिनी, तुम्ही कशाला?" असं म्हणणारे पुढे "वहिनी, तुम्हीच करा" म्हणायला लागले. बॉनेटमध्ये बघून टिकली सरळ करता आली पाहिजे, ही माझी कसोटी. बायका गाडी न्यायला आल्या की खरंच वाकून बघायच्या, आणि मला त्याचा अतोनात गर्व होता.

मग मॅट गाड्या आल्या.

पहिली मॅट गाडी, राखाडी रंगाची, दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, रंगारी काम अर्धवट टाकून पळाला. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. रोज सकाळी आमच्या फाटकाशी उभं राहून पेपर वाचणं हा त्यांचा व्यायाम. त्यांनी चष्मा वर करून गाडीकडे पाहिलं आणि मालकाच्या देखत मला विचारलं, "वरचा हात द्यायचा राहिलाय, की एवढीच परवडली?" मालकाचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. त्याने ज्यादा किंमत देऊन तो रंग घेतला होता.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, काचेसारखा गुळगुळीत. उजेड त्यावरून सरळ परत येतो म्हणून त्यात तोंड दिसतं. ओरखडा आला तर तो थर किंचित खरवडून आम्ही आजूबाजूला सपाट करतो आणि परत चमकवतो. मॅट गाडीचा हाच थर मुद्दाम खरबरीत ठेवलेला असतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. त्यामुळे उजेड विखुरतो, आणि गाडी मऊ, धुक्यातून आल्यासारखी दिसते. दिसायला सुंदर, यात वाद नाही. पण तिला घासलं, की तो खरबरीतपणा चेपतो आणि तेवढीच जागा चमकायला लागते. जुन्या टेरिकॉटच्या पँटला इस्त्री फिरून फिरून बुडावर कशी चकाकी यायची, तशी. ती चकाकी जात नाही. पॉलिश चालत नाही, मेण चालत नाही, गाडी धुवायच्या यंत्राचे ब्रश तर मुळीच चालत नाहीत. आख्खा पत्रा पुन्हा रंगवायचा, एवढाच उपाय, आणि नवा रंग जुन्याशी जुळेल याची हमी कोणी देत नाही.

म्हणून भरपूर पाणी मारून आधी धूळ सोडवायची. मग मेण नसलेला साबण, लोकरीचा मऊ हातमोजा, हात सरळ रेषेत आणि वजन न टाकता. आमच्या बोअरचं पाणी जड, ते वाळलं की पांढरे ठिपके उठतात. साध्या गाडीवरचे ठिपके पॉलिशमध्ये निघतात, हिच्यावरचे निघत नाहीत, म्हणून पाणी मऊ करायचं यंत्र बसवावं लागलं. शेवटी पुसायचं नाही, टिपायचं. फडकं ठेवायचं, थांबायचं, उचलायचं. यातलं थांबायचं हे मला आजही जमत नाही. त्या वेळात मी पायाने बादल्या सरळ करत असते.

हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा आमच्याकडे यायचा. त्याने घरच्यांना, मित्रांना, सोसायटीच्या वॉचमनला, सगळ्यांना गाडीबद्दल तंबी दिली होती. फक्त पहाटे सगळ्या गाड्या पुसणाऱ्या माणसाला सांगायचं राहून गेलं, कारण तो यायचा तेव्हा हा झोपलेला असायचा. तो माणूस मोठा इमानी. बाकीच्या गाड्या चमकतात आणि ही एकच मेली चमकत नाही, याची त्याला लाज वाटायला लागली. तो हिच्यावर दुप्पट जोर लावायला लागला. मुलगा जागा झाला तेव्हा बॉनेट आणि चारी दारं चकाकत होती. माणूस कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "आता कुठं जरा जीव आलाय बघा हिला." मुलगा मला हे सांगताना रडकुंडीला आला होता. मला मात्र त्या पुसणाऱ्याचाच जास्त कळवळा आला, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

येरवड्याचे एक सद्गृहस्थ तर मला दिवसातून तीनदा फोन करायचे. त्यांच्या पार्किंगवर मोठं झाड आहे, आणि पक्ष्याच्या शिटेने मॅट रंग जळतो हे मीच त्यांना सांगून बसले होते.

"मॅडम, पक्षी बसलाय."

"घाण केली का?"

"अजून नाही. पण बसलाय."

"मग उठवा त्याला."

ही झाली हसण्यासारखी गिऱ्हाइकं. महेशच्या गाडीचं तसं नाही. ती आठवली की मी अजून उठून येरझाऱ्या घालते.

दसऱ्यानंतरचा आठवडा आमच्याकडे धामधुमीचा असतो. पूजा झालेल्या गाड्या येतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, जाळीत अडकलेल्या अक्षता, बंपरवर वाळलेलं नारळाचं पाणी, चाकाला चिकटलेलं लिंबू. साध्या गाडीचं हे सगळं तासाभरात निघतं. गेल्या वर्षी त्या गर्दीत महेश त्याची गाडी घेऊन आला. तिशी ओलांडलेला, हिंजवडीच्या मूळ शेतकरी घरातला, आता तिथेच मुलांसाठी हॉस्टेल चालवतो. गाडी कोळशाच्या रंगाची मॅट, नवी कोरी. आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध हळदीचा पिवळाधमक पंजा. रुंद, राकट हात. अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच उठलेलं.

मी जवळ जाऊन खाली वाकले. हळदीत तेल होतं. तेही चाललं असतं. पण पंजाच्या कडेकडेने, तळव्यावरून, बोटाबोटावरून, रंग चमकत होता.

"हे घासलं कोणी?"

"मीच," महेश म्हणाला. "टूथपेस्ट आन भांड्याची घासणी. निघंनाच, मॅडम."

"आणि हात कोणाचा?"

"आमच्या म्हाताऱ्याचा. आबांचा." तो गाडीच्या चाकाकडे बघत बोलत होता. "राहिलेलं शेवटचं रान विकलं म्या, त्यातनं ही गाडी घेतली. तेव्हापासनं बोलणं बंद. रान विकून आणलेल्या गाडीत पाय ठेवणार न्हाय म्हणाले. न ठेवू दे. दसऱ्याला आम्ही पूजा केली, कुंकू काचेला लावलं, व्यवस्थित. म्या हॉस्टेलला तोरण बांधाय गेलो आन मागनं यांनी येऊन हे केलं. बसणार न्हाय ते न्हाय, वर गाडी बाद करून ठेवली. हॉस्टेलची पोरं फोटो काढत्यात. तुम्ही काढून टाका फक्त."

"पिवळा हात जाईल," मी म्हटलं. "तुम्ही घासलेलं जाणार नाही."

"उलटं कसं?"

"हळद उन्हाने उडते. घासलेलं कशानेच जात नाही."

तो चिडला. बॉनेट नवीन रंगवा म्हणाला. मी म्हटलं, आधी हळद जाऊ दे, मग बघू. घासलेल्या जागेवर पातळ, पारदर्शक मॅट फिल्म चढवता येते, चकाकी पुष्कळ दबते. तो चावी ठेवून निघून गेला.

तेल मी त्याच दिवशी काढलं. कापडावर क्लीनर घ्यायचा, त्या पंजावर ठेवायचं, दाबायचं नाही, उचलायचं, नवीन कापड. दहा-वीस कापडं झाली. हात शिवशिवत होते. एकदा तर मी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला. तेल गेलं, पण हळदीने रंगात मूळ धरलं होतं. पुढचं औषध पांढऱ्या शर्टावर वरण सांडलेल्या घरातली कुठलीही बाई सांगेल, उन्हात वाळत घालायचं. गाडी आम्ही पुढच्या अंगणात ओढली. दसऱ्यानंतरचं ऊन कडक असतं, हे एक बरं होतं.

वाईट हे होतं, की उन्हात ठेवायची म्हणजे कव्हर घालता येत नव्हतं. आणि आमच्या अंगणावर कबुतरांचं राज्य आहे. त्या पेपरवाल्या गृहस्थांना पुण्य मिळवायचं असतं म्हणून ते गॅलरीतून ज्वारी टाकतात. ज्वारी त्यांची आणि पुढचं सगळं आमचं. कामाची माणसं बाकीच्या गाड्यांत गुंतलेली, म्हणून मीच केरसुणी घेऊन बसले. बसले कसली, पंख फडफडले की उठत होते. दुपारपर्यंत मला वेड लागायची पाळी आली.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ दिसले. पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर पंचा, हातात कापडी पिशवी. बराच वेळ नुसते उभे.

"काय हवंय, आजोबा?"

"काय न्हाय. सावलीला उभा हाय."

ते उभे होते तिथे सावलीचा पत्ता नव्हता. मी तसं म्हणणार, एवढ्यात त्यांनी उन्हासाठी हात कपाळाशी धरला. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं. मी हाताकडे पाहिलं, मग बॉनेटकडे पाहिलं, आणि केरसुणी कुठे ठेवावी ते मला कळेना.

"या ना आत," मी म्हटलं.

ते आत आले. गाडीला एक फेरी घातली. शिवले नाहीत. "सूनबाईनं पत्ता दिला," म्हणाले. "घरी बघाय होत नव्हती. पाय ठेवणार न्हाय बोलून बसलो न्हवं. हितं कोण बघतंय." मग म्हणाले, "ऊनात कशापाय घातलीया?"

"वाळायला," मी म्हटलं.

"वाळाय काय मिरच्या हायत व्हय?" ते हसले. मग वाकले, आणि आपला हात त्या हळदीच्या हातावर अधांतरी धरला. "फिक्का पडलाय," म्हणाले. हात मागे घेतला आणि म्हणाले, "लेकानं काढाय दिलाय."

"हो, आबा."

मला इतकं वाईट वाटलं, की काहीतरी धुवायला घ्यावंसं वाटलं. मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले आणि तांब्याच घासत बसले. बाहेर आले तर ते उपड्या बादलीवर बसले होते.

"नवी बैलगाडी आली, नवं दार बसवलं, की घरातल्या मोठ्या माणसाचा हात उठवायचा," ते सांगू लागले. "माझ्या बापानं आमच्या विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीवर उठवला व्हता. तेलातली हळद घ्यायची. पाण्यातली चार दिसांत जाती."

"महेशला वाटलं, तुम्ही रागाने लावला."

"राग व्हता. राग व्हता म्हणून तर बसलो न्हाय." त्यांनी टोपी काढून परत घातली. "हात लावला म्हंजे राग सरला. त्याला कळू नये?"

"तुम्ही बोललात का त्याच्याशी?"

"हात लावला की, ताई. आणि काय बोलायचं?"

मी ज्या घरात वाढले तिथे माझे वडीलही रुसवा सोडला की भाजीची पिशवी आणून ओट्यावर ठेवायचे, शब्द नाही. माझ्या आईला ते कळायचं. पण पिशवी ठेवली आणि कोणी ती उचलून बाहेर फेकली असती तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला.

तेवढ्यात एक कबूतर छपराच्या कडेला उतरलं. आबा बसल्या जागेवरून पंचा फिरवत ओरडले, "ह्याऽऽ!" कबूतर गेलंच, पण आमचे दोन कामगारही दचकले. "तुम्ही तुमची कामं करा," आबा मला म्हणाले. "म्या हाय राखणीला. जन्म गेला पाखरं हाकण्यात."

दुसऱ्या दिवशीही ते आले, बस बदलत, भाकरी बांधून घेऊन. आणि त्यानंतर रोज. ऊन सरकेल तशी बादली सरकवायचे. गाडीवर एक शीट पडू दिली नाही. पेपरवाल्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे ज्वारी टाकली, तेव्हा आबांनी खालून हाक मारली, "रावसाहेब, दाणं टाकायची एवढी हौस हाय तर एखादं रान घ्या की! माझं असतं तर तुम्हास्नी दिलं असतं." त्या गृहस्थांनी ज्वारीचा डबा उचलला आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. ज्वारी बंद झाली. मी इतकी वर्षं बोलत होते ते वाया आणि आबांचं एक वाक्य लागू पडलं, म्हणून मला थोडा रागही आला.

पण मला स्वस्थता नव्हती. रोज सकाळी मी आधी त्या हाताशी जायचे. करंगळी गेली. मग तळवा विरळ झाला. एरवी डाग जाताना बघणं हे माझं सुख. इथे डाग जात होता आणि ज्याचा तो हात, तोच त्याची राखण करत होता, तो नीट जावा म्हणून. मला ते बघवेना. "आबा, मी महेशला सांगू का?" मी दोनदा विचारलं.

"न्हाय. माझी शपथ हाय तुम्हाला. त्याला काढायचाय ना, मग पुरता निघू दे. अर्धा हात वाईट दिसतो."

मी फोन उचलायचे, ठेवायचे. ह्यांनी माझी तगमग बघितली आणि म्हणाले, "अगं, आपण गाड्या साफ करतो. लोकांची घरं साफ करायला घेऊ नकोस." ह्यांचं म्हणणं शहाणपणाचं असतं, म्हणूनच ते मला सोसत नाही. मी अंगणात गेले, परत आले, परत गेले. बोलायचं नाही अशी शपथ होती. पण डाग समोर आहे आणि घासायचं नाही, हे मी गाडीपुरतं मान्य केलं होतं, माणसांपुरतं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. काम चालू असलेल्या गाडीचा रोज एक फोटो मालकाला पाठवायचा. महेशलाही जात होता, बॉनेटचा, वरून काढलेला. त्यात नुसता विरत चाललेला हात दिसायचा. त्या दिवशी मी समोर उभी राहिले आणि फोटोत पुढची काचही घेतली. मॅट रंगात कशाचंच प्रतिबिंब पडत नाही, काचेत मात्र पडतं. काचेत टोपी दिसत होती, आणि हवेत उगारलेला पंचा. मी फोटो पाठवला. ह्यांनी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये पाहिलं.

"हा काचेचा फोटो कधीपासून काढायला लागलीस?"

मी बादली घासायला घेतली.

महेश तासा-दीड तासात मोटारसायकलवर आला. हिंजवडीहून त्या वेळेला एवढ्यात येणं म्हणजे सिग्नल मोडतच आला असणार. फाटकाशी थांबला. आबा पाठमोरे होते, पंचा फिरवत होते. महेश किती वेळ तसाच बघत राहिला, ते माहीत नाही. मला तो वेळ फार लांब वाटला, आणि मी आख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा हलले नाही.

"आबा," तो म्हणाला, "हितं काय करताय?"

आबा दचकले. मग म्हणाले, "पारवं लई हायती हितं."

महेशने माझ्याकडे पाहिलं. आता माझ्याने राहवेना. "रोज येतात," मी म्हटलं. "तुमची गाडी उन्हात आहे म्हणून. आणि तो हात रागाचा नव्हता, महेश. राग संपला म्हणून लावला होता. हे तुम्हाला घरात सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मी सांगते." आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शपथ मोडली. मोडलीच होती.

महेश गाडीजवळ गेला. पिवळं काहीच उरलं नव्हतं, अर्ध्या बोटाच्या टोकाशी थोडं सोडलं तर. पण तो बाजूने वाकला आणि तिरप्या उजेडात त्याला दिसलं. तळवा, बोटं, सगळा हात, चकाकत होता.

"हे तर ऱ्हायलंय की," तो म्हणाला.

"ती हळद नाही. ते तुमचं घासणं आहे."

त्याचा अंगठा आपोआप त्या चकाकीवर गेला. "हात लावू नका!" मी एवढ्याने ओरडले, की आबासुद्धा उठून उभे राहिले. महेशने हात मागे घेतला. त्याचे डोळे भरले होते. तो दुसरीकडे बघून नाक ओढत राहिला आणि आबा पंच्याची घडी घालत राहिले. मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

शेवटी महेशने पुढचं दार उघडलं. "बसा," म्हणाला.

आबांनी दाराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "ताई, वाळली का गाडी?"

"वाळली, आबा."

त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, झटकल्या, एका हातात धरल्या आणि आत बसले. महेशने दार हळूच लावलं. मोटारसायकल आमच्याच अंगणात ठेवून, फिल्मचं काम नंतर करू असं तो जाता जाता सांगून गेला. मी आत जाऊन हुंदके देत रडले, आणि ह्यांनी मला चहा करून दिला. पंचवीस वर्षांत त्यांनी केलेल्या मोजक्या चहांपैकी तो एक.

दिवाळीनंतर बॉनेटवर मॅट फिल्म चढवली. चकाकी बरीच दबली. पण सकाळच्या तिरप्या उन्हात अजून दिसते. बॉनेट रंगवून घ्यायचा विषय महेशने परत काढला नाही, आणि मीही नाही. मला एकच रुखरुख आहे. आबा आले त्या पहिल्याच दिवशी, केरसुणी हातात घेऊन, मी फोन करायला हवा होता. निदान तळवा तरी राहिला असता.

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्या मॅट गाडीवाल्यांना फोनवर एक संदेश पाठवते. रंगावर हळद, कुंकू, तेल लावू नये. पूजा काचेवर किंवा चाकावर करावी. तो मजकूर माझाच आहे. यंदाही पाठवला, महेशलाही गेला. आणि दसऱ्याला सकाळी, मी दाराला झेंडूची माळ लावत असताना, त्याचा फोन आला.

"मॅडम, आबा ताट घेऊन उभे हायत बॉनेटपाशी. तुमचा मेसेज वाचून दाखवला तर हातच लावंनात. म्हणत्यात, आधी बाईंना इचार."

मागून आबांचा आवाज येत होता, "इचार, इचार, हळद कशात कालवू?"

तेलाने फिल्म डागळते. ती बदलायची म्हणजे परत सगळं काम आलं, परत ऊन, परत कबुतरं. माझ्या हातात माळेचं टोक तसंच राहिलं. हे शिडी धरून खाली उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तेलात कालवा म्हणावं," मी म्हटलं. "पाण्यातली चार दिवसांत जाते."